कंपनीत उलथापालथ सुरू असताना नवी नोकरी शोधणं: काय आधी, काय नंतर

मी पुण्यात पेरोलचं काम करते. कंपनी विकली गेली, विभाग बंद होणार, 'रीस्ट्रक्चरिंग'चा मेल आला, की माणसं माझ्या टेबलाशी येतात. बहुतेक जण उशिरा येतात. कुणी रागाच्या भरात राजीनामा टाकलेला असतो, कुणी समोर ठेवलेल्या कागदावर न वाचता सही केलेली असते. कुणाचा लॅपटॉप दुपारी बंद झालेला असतो आणि सात वर्षांच्या पेस्लिपा त्यातच अडकलेल्या असतात. काय काय करायचं हे यातल्या बऱ्याच जणांना माहीत होतं. चुकला तो क्रम. आधी कागद, मग पैशांचा हिशोब, मग शोध, आणि राजीनामा सगळ्यांत शेवटी. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो.

खाली जे लिहिलंय ते खासगी कंपनीत पगारावर असलेल्यांसाठी आहे. ज्यांची नोकरी अजून हातात आहे पण पायाखालची जमीन हलायला लागली आहे, त्यांनी टप्पे याच क्रमाने घ्यावेत. ज्यांना एचआरचं बोलावणं आधीच आलंय, त्यांनी थेट सहावा टप्पा वाचावा आणि मग मागे यावं.

१. बातमी आणि अफवा वेगळ्या करा

टपरीवर चहा पिताना मिळणारी माहिती बिनकामाची असते असं मी म्हणणार नाही. पण तिच्यावर निर्णय घेऊ नका. काही गोष्टी तुम्हाला स्वतःला तपासता येतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत.

पगार कधी जमा होतो ते बघा. कायद्याने महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. वर्षानुवर्षं ३० तारखेला होणारा पगार आधी ५ला, मग ११ला व्हायला लागला, तर कंपनीच्या हातात रोकड नाही.

पीएफचं पासबुक उघडा. कंपनीने दर महिन्याचं योगदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. पासबुकात नोंद दिसायला थोडे दिवस लागतात, तेवढे सोडा. पण पगारातून पीएफ कापला जातोय आणि पासबुकात सलग दोन-तीन महिने कोरे आहेत, तर गोष्ट गंभीर आहे. माझ्या अनुभवात कंपनी बुडायला लागल्याची ही पहिली खूण असते. ती टाऊनहॉलमधल्या भाषणाच्या कितीतरी आधी दिसते.

आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा झालेला टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला कर, तोही बघा. तो तिमाहीने दिसतो, त्यामुळे चालू महिन्याचा शोधू नका, मागच्या तिमाहीचा बघा.

या तिन्ही गोष्टी ठीक असतील आणि फक्त विलीनीकरणाची किंवा विभाग हलवण्याची चर्चा असेल, तर हाताशी बहुधा काही महिने आहेत. एकही बिघडली असेल तर काही आठवडे धरून चाला.

तपासा: यूएएनचं (तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकाचं) लॉगिन चालतंय का? मोबाईल नंबर तुमचाच आणि चालू आहे का? आधार, पॅन आणि बँक खातं जोडलेलं, पडताळलेलं आहे का? नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर दुरुस्ती आत्ताच टाका. त्यासाठी कंपनीची मंजुरी लागू शकते, आणि मंजुरी देणारा माणूसच उद्या नोकरीवर नसेल.

२. कागद घरी आणा

हा टप्पा बातमी कळल्या दिवशीच सुरू करायचा. सीव्हीच्याही आधी.

तुमच्या मालकीचे कागद हे: ऑफर लेटर, नेमणूक पत्र, प्रत्येक पगारवाढीचं आणि बढतीचं पत्र, सगळ्या पेस्लिपा (निदान गेल्या दोन वर्षांच्या तरी), दर वर्षीचा फॉर्म १६, मूल्यांकनाचे शेरे, शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट, गट विम्याचं कार्ड आणि पॉलिसीचा नंबर. जॉइनिंग बोनस, रिटेन्शन बोनस किंवा प्रशिक्षणाचा बॉण्ड असेल, तर त्याची सही केलेली प्रत. एचआर पोर्टलवरून डाउनलोड करा आणि घरच्या कॉम्प्युटरवर किंवा स्वतःच्या क्लाउड खात्यात ठेवा.

पेस्लिपा एकेक करून काढायला कंटाळा येतो, म्हणून लोक शेवटच्या तीन काढून थांबतात. पुढच्या कंपनीच्या पडताळणीला तेवढ्या पुरतातही. पण ग्रॅच्युइटीचा (काही वर्षांच्या सेवेनंतर नोकरी सोडताना कंपनीने द्यायच्या रकमेचा) किंवा पीएफचा वाद झाला, तर जुन्या वर्षांच्याच लागतात.

नेमणूक पत्र हातात आलं की ते खरोखर वाचा. नोकरी लागताना कुणी वाचत नाही. चार गोष्टी शोधा. नोटीस पिरियड किती दिवसांचा आहे? नोटिशीऐवजी पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि ते कुणाच्या मर्जीवर आहे? बोनस परत द्यावा लागेल अशी अट कुठे आहे, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत आहे? व्हेरिएबल पगार (कामगिरीवर ठरणारा भाग) मिळायला देय तारखेला नोकरीवर असणं आवश्यक आहे का? या चार उत्तरांवर आठव्या टप्प्यातली राजीनाम्याची तारीख ठरणार आहे, म्हणून ती एका कागदावर लिहून ठेवा.

बरेच जण एका कलमाला उगाच घाबरतात: 'नोकरी सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक कंपनीत काम करणार नाही.' भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७मुळे, नोकरी संपल्यानंतर माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते. कंपनीची माहिती सोबत नेण्याचा विचारही करू नका.

सावध: ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर ढिगाने पाठवू नका. ग्राहकांच्या याद्या, कोड, कोटेशनच्या एक्सेल शीट याला हात लावू नका. अशा काळात सिस्टीमवर नजर जास्त असते, आणि 'डेटा बाहेर नेला' हे कारण दाखवून भरपाईशिवाय काढायला कंपनीला आयतंच निमित्त मिळतं. तुमची पत्रं तुमची, कंपनीचं काम कंपनीचं.

३. पैसे: किती महिने तग धराल

एका संध्याकाळी घरच्यांसोबत बसून हा हिशोब करा. एकट्याने करू नका. नवऱ्याला किंवा बायकोला 'टेन्शन नको' म्हणून न सांगणारे खूप बघितलेत. मग शाळेच्या जूनच्या फीच्या वेळी सगळं एकदम बाहेर येतं, आणि तेव्हा नोकरीपेक्षा लपवल्याचं दुःख मोठं होतं. आईवडिलांना कधी सांगायचं ते दोघांनी मिळून ठरवा.

घरभाडं किंवा गृहकर्जाचा हप्ता, बाकीचे हप्ते, किराणा, वीज, शाळा, औषधं, गावी पाठवायचे पैसे. एवढ्याची महिन्याची बेरीज करा. बँकेत आणि मोडता येणाऱ्या ठेवींत आहे त्याला त्या बेरजेने भागा. जो आकडा येईल तेवढे महिने तुम्ही पगाराशिवाय काढू शकता. आकडा तीनच्या खाली असेल तर आजपासून नवा हप्ता नको, गाडी नको, सोनं नको. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडा. तिच्याइतकं व्याज क्वचितच दुसऱ्या कशाला असतं.

पीएफ या बेरजेत धरू नका. तो शेवटचा हंडा आहे. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या पीएफवर सहसा कर लागतो. शिवाय पेन्शनला पात्र व्हायला दहा वर्षांची सेवा लागते. मधेच सगळं काढून घेतलं की तो हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

ग्रॅच्युइटी मात्र नीट बघा, कारण तिच्यामुळे तारखा बदलतात. कायम नोकरीत पाच वर्षं सलग सेवा झाली की ती मिळते. शेवटचा बेसिक आणि महागाई भत्ता यांची बेरीज करा, १५ने गुणा, २६ने भागा आणि सेवेच्या वर्षांनी गुणा. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. बेसिक ४०,००० आणि सेवा सात वर्षं असेल, तर सुमारे १,६१,५०० रुपये होतात. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये वेतनाची व्याख्या बदलली आहे. ज्यांच्या पगारात भत्ते निम्म्याहून जास्त आहेत त्यांचा आकडा त्यामुळे याहून वाढू शकतो. मुदतीच्या करारावर असलेल्यांना तर एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. चार वर्षं नऊ महिने झालेल्या माणसाने पहिल्याच ऑफरला भुलून राजीनामा द्यायच्या आधी कॅलेंडर समोर ठेवावं.

यात सगळ्यांत जास्त दुर्लक्ष आरोग्य विम्याकडे होतं. कंपनीने काढलेला गट विमा सहसा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, आणि त्यात आईवडील असतील तर तेही उघड्यावर येतात. स्वतंत्र पॉलिसी नोकरी हातात असतानाच घ्या. अपघात सोडले तर पहिले ३० दिवस ती चालत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. गट विमा ज्या कंपनीचा आहे तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, तेही विचारा. तसं झालं तर आधीचा काळ मोजला जातो. विचारायचं ते शेवटच्या दिवसाच्या बरंच आधी विचारा.

तपासा: महिन्यांचा आकडा लिहिलाय? चार कलमं शोधून लिहिलीत? पाच वर्षं कधी पूर्ण होतात ती तारीख आणि बोनसची तारीख कॅलेंडरवर आहे? नसेल तर चौथ्या टप्प्यावर जाऊ नका.

४. शोध सुरू करा, पण आवाज न करता

सीव्हीबद्दल मी थोडक्यातच सांगते, त्यावर सगळीकडे पुष्कळ लिहिलं जातं. दोन पानं. प्रत्येक कामापुढे काय केलं त्यासोबत त्याने काय बदललं ते आकड्यात लिहा. 'व्हेंडर मॅनेजमेंट केलं' यापेक्षा '४० पुरवठादारांची बिलं सांभाळली, थकीत बिलं निम्म्यावर आणली' हे वाचणाऱ्याला कळतं. आकडा खरा हवा, मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर सीव्ही उघडूसुद्धा नका.

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल ताजं करण्याआधी, सेटिंगमध्ये जाऊन सध्याच्या कंपनीला आणि तिच्या समूहातल्या इतर कंपन्यांना ब्लॉक करा. क्रम इथेही महत्त्वाचा. आधी ब्लॉक, मग अपडेट. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवता येतं. फोटोभोवतीची हिरवी पट्टी मात्र सगळ्यांना दिसते. रिक्रूटरपुरतं ठेवलं तरी आपल्या कंपनीला अजिबात कळणार नाही याची हमी लिंक्डइन स्वतःही देत नाही, हे लक्षात ठेवून बटण दाबा.

दिवसाला पन्नास अर्ज करू नका. आठवड्याला पंधरा ठिकाणं निवडा आणि त्यातल्या निदान पाच ठिकाणी आत काम करणारं कुणीतरी ओळखीचं शोधा. सुरुवात जुन्या सहकाऱ्यांपासून करा, जे दोन-चार वर्षांपूर्वी तुमच्या कंपनीतून बाहेर पडले. तुमचं काम त्यांनी पाहिलेलं असतं. निरोप लहान आणि नेमका असावा: "सर, तुमच्या कंपनीत सप्लाय चेनमध्ये जागा दिसली. मी गेली चार वर्षं तेच काम करतेय. सीव्ही पाठवू का? आणि हे सध्या आपल्यातच ठेवाल का?" नुसतं 'काही असेल तर कळवा' असं लिहिलं तर समोरच्याने करायचं काय?

सध्याच्या टीममधल्या कुणालाही सांगू नका, जिवलग मैत्रिणीलाही. तिच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. कपातीची यादी बनत असताना 'तो तसाही चाललाय' एवढं एक वाक्य पुरतं, आणि त्यात तिचीही कोंडी होते.

सावध: नोंदणी शुल्क, लॅपटॉपसाठी अनामत, प्रशिक्षणाची फी. नोकरी देण्याआधी कुणीही पैसे मागितले की तो फसवणारा आहे, मग ऑफर लेटरवर कितीही मोठ्या कंपनीचा लोगो असो. पाठवणाऱ्याच्या मेलचा पत्ता अक्षर अक्षर वाचा. पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

५. ऑफिसातले दिवस कसे काढायचे

निम्मी टीम गेली की गेलेल्यांचं काम उरलेल्यांवर येतं. रात्री नऊला घरी पोचणारा माणूस मुलाखतीची तयारी करणार कधी? म्हणून कामाला कुंपण हवं. साहेबांना तोंडी नाही म्हणायला जड जातं, तर मेलवर विचारा: "सर, माझ्याकडची तीन कामं आणि सुनीलकडून आलेली दोन, यातली या आठवड्यात आधी कोणती संपवू?" नकार न देता तुम्ही निवड त्यांच्यावर सोपवलीत, आणि काम राहिलं तर का राहिलं याची लेखी नोंदही झाली.

काम मात्र नीट करत राहा. संदर्भासाठी उद्या याच साहेबांना फोन जाणार आहे.

मुलाखती सकाळी साडेआठ-नऊला किंवा संध्याकाळी सातनंतर मागा. बहुतेक ठिकाणी व्हिडिओवर देतात. दर वेळी दातांचं, आजीचं कारण सांगू नका, अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि कारण 'वैयक्तिक' लिहा. शोधाला रोजची ठरलेली वेळ द्या. माझी सकाळी सहा ते सव्वासात होती, दूध येईपर्यंत. त्या वेळेबाहेर पोर्टल उघडायचं नाही. दिवसभर दर दहा मिनिटांनी मेल बघत राहण्यात जो जीव जातो, त्याने अर्ज एकही वाढत नाही.

कपातीच्या अफवांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा आणि दिवसातून एकदाच बघा. तिथे काहीच लिहू नका, इमोजीसुद्धा नको. स्क्रीनशॉट फिरतात.

झोप उडाली, जेवण जात नाही, सकाळी ऑफिसच्या गेटपाशी छातीत धडधडतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. आमच्या विभागातला एक शांत, हसरा माणूस तीन महिने रोज डबा न उघडता परत नेत होता. आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या बायकोने विचारलं तेव्हा कळलं. म्हणून शेजारच्या खुर्चीकडेही बघत जा.

६. एचआरने बोलावलं तर

हे असं होतं. दुपारी पावणेतीनला कॅलेंडरवर पंधरा मिनिटांचं निमंत्रण येतं, विषय 'क्विक कनेक्ट'. खोलीत साहेबांच्या शेजारी एचआरची व्यक्ती बसलेली असते. समोर एक छापील कागद आणि पेन. बोलणं गोड असतं: "आम्हाला तुमच्या करिअरला डाग लागू द्यायचा नाहीये. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर चांगलं मिळेल. आजच्या आज करावं लागेल."

त्या कागदाचा अर्थ समजून घ्या. राजीनामा म्हणजे 'मी माझ्या इच्छेने जातोय'. कपातीत कंपनीने काढलं तर कंपनीवर काही देणं येऊ शकतं, राजीनाम्यात ते उडतं. कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्या आणि वर्षभर सलग सेवा झालेल्या माणसाला कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार मिळतो. त्याखेरीज सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. व्यवस्थापकीय कामावरचे लोक या व्याख्येत येत नाहीत. पण कार्डावर 'मॅनेजर' लिहिलंय म्हणून लगेच हक्क सोडू नका. पदाचं नाव काय यापेक्षा प्रत्यक्षात काम काय करता, हे पाहिलं जातं. आणि व्याख्येत बसत नसलात तरी नेमणूक पत्रातला नोटीस पिरियड तुम्हाला लागू आहेच.

त्या खोलीत एवढंच करायचं:

सही करायची नाही. शांतपणे म्हणा, "मला हे वाचायला आणि घरी बोलायला दोन दिवस हवेत. कृपया मेलवर पाठवा." पुन्हा दबाव आला तर तेच वाक्य पुन्हा म्हणा. रडू आलं तर येऊ द्या, पण पेन उचलू नका.

बाहेर आल्यावर लगेच स्वतःच्या खाजगी मेलवरून एचआरला लिहा: आज इतक्या वाजता अमुक अमुक उपस्थित होते, मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी राजीनामा दिलेला नाही, कंपनीचा प्रस्ताव लेखी मिळावा. तारीख, वेळ, नावं. विशेषण एकही नको.

मग प्रस्तावावर बोला. इथे घासाघीस होते, हे लोकांना माहीतच नसतं. नोटिशीचे पूर्ण पैसे, शिल्लक रजेचे पैसे, आरोग्य विमा आणखी दोन-तीन महिने, बोनस परत न घेण्याचं लेखी आश्वासन, रिलीव्हिंग लेटरमधले शब्द. कमी जास्त होईल, पण न मागता काहीच मिळत नाही. हे सगळं लेखी आलं, आकडा तुम्हाला मान्य झाला आणि तुम्ही समजून उमजून राजीनामा दिलात, तर त्यात काही गैर नाही. आधी सही आणि मग बोलणी, एवढं होऊ देऊ नका.

दबाव वाढला, पगार अडवला, तर कामगार आयुक्तालयात लेखी तक्रार करता येते. पुण्यात ते कार्यालय वाकडेवाडीला आहे, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे. जाण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटा. दुसऱ्या टप्प्यातली फाइल इथे कामाला येते.

सावध: त्याच रात्री कंपनीचं नाव घेऊन लिंक्डइनवर मोठी पोस्ट लिहू नका. बोलणी चालू आहेत.

७. मुलाखत आणि ऑफर

'का सोडताय?' हा प्रश्न येणारच. खोटं बोलू नका, कंपनीत काय चाललंय ते बाजारात माहीत असतं. कंपनीची उणीदुणीही काढू नका. एक खरं वाक्य आणि लगेच पुढची गोष्ट: "आमच्या विभागाचं काम दुसऱ्या शहरात हलतंय. मला पुण्यातच राहून प्लांटच्या नियोजनाचंच काम करायचंय, आणि तुमच्या चाकणच्या युनिटमध्ये नेमकं तेच आहे." बास. समोरचा खोदत राहिला तर दुसऱ्यांदाही तेच, तेवढंच.

पगाराचा आकडा घाबरून कमी सांगू नका. 'मिळेल ते चालेल' असं म्हटलं की पुढची तीन वर्षं ते पगारवाढीच्या टक्क्यांत भरून निघत नाही. सध्याचा पगार आणि अपेक्षा, दोन्ही आकडे खरे आणि ठाम सांगा. पेस्लिप मागतातच.

ऑफर आल्यावर एकूण सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा सगळा खर्च) बघून खूश होऊ नका. हाती किती येणार, व्हेरिएबल किती, ग्रॅच्युइटी सीटीसीत धरली आहे का, प्रोबेशनमध्ये नोटीस किती दिवसांची? आणि नवी कंपनी तरी स्थिर आहे का? तिथे काम करणाऱ्या दोन जणांशी बोला आणि पहिल्या टप्प्यातले प्रश्न विचारा: पगार कधी होतो, पीएफ वेळेवर दिसतो का?

८. राजीनामा

माझ्याकडून इथेच चूक झाली होती, म्हणून हे जीव तोडून सांगते. कंपनीचं विलीनीकरण चालू होतं, मला घाई झाली होती. नव्या कंपनीच्या एचआरने फोनवर सांगितलं, "तुमचं झालंय, लेटर सोमवारी येईल, तुम्ही पेपर टाका." मी शुक्रवारी टाकला. सोमवारी कळलं की त्यांच्याकडे भरती थांबली. इकडे माझा राजीनामा त्याच दिवशी मंजूर झाला होता, कारण जुन्या कंपनीला माणसं कमीच करायची होती. मागे घेण्याची विनंती केली, ती नाकारली. पाच महिने घरी होते.

म्हणून राजीनाम्याआधी हातात काय हवं: लेखी ऑफर, त्यावर पद, पगार, ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख, आणि तुम्ही स्वीकारल्याची पोच. पडताळणी बाकी असेल तर ती राजीनाम्याआधी किती पूर्ण करता येईल ते विचारा. मगच तिसऱ्या टप्प्यातलं कॅलेंडर काढा. बोनस जमा होण्याच्या आदल्या आठवड्यात, किंवा ग्रॅच्युइटीला दीड महिना उरलेला असताना राजीनामा पडत असेल, तर नव्या कंपनीकडे रुजू होण्याची तारीख पुढे मागा. दोन-तीन आठवडे बहुतेक जण देतात. नोटीस ९० दिवसांची आणि नव्या कंपनीला ३० दिवसांत माणूस हवा असेल, तर बायआउटचे, म्हणजे नोटिशीऐवजी भरायचे, पैसे कोण भरणार ते ऑफरमध्येच लिहून घ्या.

राजीनाम्याचं पत्र तीन ओळींचं असावं: सोडतोय, नोटिशीप्रमाणे शेवटचा दिवस अमुक, काम नीट सोपवीन. कारण नको, तक्रार नको. मेलवर पाठवा आणि स्वतःच्या खाजगी मेलला प्रत ठेवा. नुसतं पोर्टलवर टाकलं तर लॉगिन गेल्यावर पुरावा राहत नाही.

जास्त पगार देऊन थांबवायचा प्रयत्न होईल. ज्या कंपनीची घडीच विस्कटली आहे, तिथे मी तरी थांबू नका असंच सांगेन.

तपासा: जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस आणि नवीतला पहिला दिवस एकमेकांवर चढत नाहीत ना? एक दिवससुद्धा नको. पीएफच्या नोंदीत दोन नोकऱ्या एकाच वेळी दिसल्या, की पडताळणीवाले ते पकडतात.

९. बाहेर पडताना आणि नंतरचे दोन महिने

लॅपटॉप, ओळखपत्र, सिमकार्ड परत केल्याची पोच मेलवर घ्या. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. माणसं बदलतात, मग तुमची फाइल कुणाकडे आहे तेच कुणाला सांगता येत नाही.

वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. ग्रॅच्युइटीला ३० दिवस असतात. उशीर झाला तर आठव्या दिवशी सौम्य मेल, विसाव्या दिवशी कलमाचा उल्लेख करून दुसरा. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाचा, कागद आला की रजेचे दिवस, नोटिशीची वजावट आणि बोनसची वसुली या तीन ओळी स्वतः मोजा. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, हे मी त्या खुर्चीत बसून सांगते.

नव्या कंपनीला जुना यूएएनच द्या, नवा काढू देऊ नका. जुन्या नोकरीतलं चालू आर्थिक वर्षाचं उत्पन्न आणि कापलेला कर त्यांना कळवा. नाहीतर दोन्हीकडे सुरुवातीपासूनची करसवलत धरली जाते आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते.

शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने झाल्यावर पीएफच्या पोर्टलवर सेवा-इतिहास उघडा. जुन्या कंपनीपुढे नोकरी सोडल्याची तारीख दिसायला हवी. कंपनीने टाकली नसेल तर तुम्ही आधार ओटीपी वापरून स्वतः टाकू शकता. पण एकदा टाकलेली तारीख सहज बदलत नाही, म्हणून रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच टाका. मग जुन्या खात्यातली रक्कम नव्यात वर्ग झाली का ते बघा, आणि पासबुकाची एक प्रत त्याच फाइलमध्ये ठेवा, जिच्यात पहिल्या दिवशी पेस्लिपा ठेवल्या होत्या.